तगादा न लावणारा सावकार

रात्रीचे पावणेअकरा झाले होते, मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, हातात गेमचा कन्सोल, स्क्रीनवर माझं ते एवढंसं पात्र किनाऱ्यावर गळ टाकून उभं. दादा पाणी प्यायला उठला होता, मागून जाताजाता थांबला, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, आत्ताच ऑफिसचं काम संपवलंस ना? मग हे काय, परत कामच?" म्हटलं हो रे, लोन फेडायचंय. "कुणाचं लोन?" म्हटलं टॉम नूकचं, तो एक रॅकून आहे. यावर दादाने जो चेहरा केला तो काही मला इथे टाइप करता येणार नाही, पण झोपायला गेल्यावरही त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण प्रश्न अगदी रास्त होता.

म्हणजे बघा ना. मी खेळत होते त्या ॲनिमल क्रॉसिंग गेमचा न्यू होरायझन्स हा भाग २० मार्च २०२० ला आला आणि त्याच्या चार कोटींहून जास्त कॉपी खपल्यात. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम २६ फेब्रुवारी २०१६ ला आला, तोही चार कोटींच्या पुढे गेलाय. आणि एवढ्या सगळ्या माणसांनी पैसे मोजून घेतलं काय, तर तण उपटणं, दगड फोडणं, झाडं हलवून फळं गोळा करणं, ती नेऊन विकणं, आणि विकून आलेल्या पैशातून घराचं कर्ज फेडणं. स्टारड्यूचा हिरो तर कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येतो, का तर जीव मेटाकुटीला आलाय म्हणून, आणि मग तिथे सकाळी सहा ते रात्री दोन राबतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त लष्करही खोटं आणि भाकऱ्याही खोट्या.

यावर आम्हा खेळणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं, डोकं शांत होतं, म्युझिक छान आहे, रंग छान आहेत, कुणी कुणाला मारत नाही. सगळं खरंय, पण डोकंच शांत करायचं असतं तर माणूस गाणी लावून आडवा पडला असता, तासभर बसून मासे कशाला धरेल? आणि न खेळणाऱ्यांचं उत्तर म्हणजे पलायन. हा शब्द वापरला की बोलणाऱ्याला आपण फार खोल काहीतरी बोललो असं वाटतं. पण पळून जाऊन माणूस थेट कर्जदार होतो, हे कसलं पलायन? मला वाटतं दोन्ही बाजूंना हेच दिसत नाहीये की लोक तिथे कामापासून पळत नाहीयेत, त्यांना काम आवडतंच, फक्त त्यांना असं काम हवंय जे आपण उठून गेलो तर आपल्या मागे मागे येणार नाही. आणि शांत गेम कुठला आणि शांततेचं सोंग घेतलेला कुठला हे ओळखायचं असेल तर मी एवढी एकच गोष्ट बघते, तुम्ही आला नाहीत तर गेम काय करतो.

आधी ते लोन बघू, कारण गंमत त्यातच आहे. न्यू होरायझन्समध्ये तुम्ही एका निर्जन बेटावर येता, तंबू ठोकता, आणि थोड्या वेळात टॉम नूक हसत हसत बिल हातात देतो, ४९,८०० बेल्स, बेल्स म्हणजे तिथलं चलन. ते फिटलं की घर बांधायला ९८,०००, मग घर वाढवायला १,९८,०००, मग अजून, असं करत करत शेवटचं लोन २४,९८,००० चं, आणि घराची सगळी लोन मिळून होतात ५६,९६,००० बेल्स. ऐकायला धडकी भरवणारं. पण अटी बघा. व्याज शून्य, हप्ता नाही, मुदत नाही. महिनाभर दमडी दिली नाहीत, वर्षभर दिली नाहीत, तरी हा माणूस (म्हणजे रॅकून) तुम्हाला बघून तेवढ्याच आनंदाने नमस्कार करणार. फक्त पुढची खोली बांधून मिळणार नाही, बस्. तगादा न लावणारा सावकार ही चीज जगात कुठे बघितलीये का कुणी? लोक इंटरनेटवर त्याला लुटारू म्हणून वर्षानुवर्षं मीम्स करत आलेत आणि मला दरवेळी वाटतं की बाबांनो तुम्ही अटी वाचल्याच नाहीत. (खरा निष्ठुरपणा केला तो बँकेने, एप्रिल २०२० मध्ये एका अपडेटमध्ये त्या गेममधल्या बँकेचा ठेवीवरचा व्याजदर सुमारे ०.५ टक्क्यावरून ०.०५ वर आला, कारण लोक कन्सोलचं घड्याळ पुढे ढकलून वर्षांचं व्याज एका संध्याकाळी खात होते. सोबत माफीदाखल एक सतरंजी पाठवली होती, पैशाच्या पिशवीच्या आकाराची. यावर खऱ्या आर्थिक वर्तमानपत्रात बातमी आली होती.)

आता याच्या शेजारी द सिम्स ठेवा. फेब्रुवारी २००० मध्ये आलेला, आयुष्य चालवायचा गेम म्हटलं की अजूनही पहिलं नाव त्याचंच निघतं. त्यात बिलं भरली नाहीत तर एक माणूस दारात येतो आणि घरातलं सामान उचलून नेतो. भूक, झोप, बाथरूम, करमणूक, सगळ्याच्या पट्ट्या सतत खाली येत असतात आणि तुम्ही धावत असता. मला सिम्स आवडतो, पण तो खेळून मी कधी निवांत झालेली नाही, उलट आपण स्वतःचंच आयुष्य बाहेरून बघतोय आणि तरीही ते सांभाळता येत नाहीये असं वाटतं. तेव्हा नुसतं जगण्याची नक्कल केली की गेम आरामाचा होतो असं नाही, नक्कल करताना काय वगळलं यावर सगळं आहे.

काय वगळायचं हे या लोकांना कसं सुचलं असेल याचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली, ती मला फार हलवून गेली. शेतीच्या या सगळ्या गेम्सचा मूळपुरुष म्हणजे १९९६ चा हार्वेस्ट मून, तो करणारे यासुहिरो वाडा जपानमधल्या मियाझाकीच्या ग्रामीण भागात वाढले आणि मग टोकियोत आले, आणि गावाची किंमत त्यांना शहरात येऊन कळली. ॲनिमल क्रॉसिंगचे कात्सुया एगुची चिबाहून क्योटोला आले नोकरीसाठी, आणि तिथे आल्यावर कळलं की घरचे, मित्र, सगळे मागे राहिलेत. सिम्स करणारे विल राइट यांचं तर घरच १९९१ च्या ओकलंडच्या आगीत जळालं होतं, आणि संसार पुन्हा उभा करताना त्यांच्या डोक्यात या गेमचं बी पडलं. म्हणजे घर सुटलेल्या किंवा गेलेल्या माणसांनी हे गेम केलेत. आणि सोडून आलेल्या जागेचं एक दुखणं असतं जे गाव सोडलेल्या प्रत्येकाला माहितीये, ती जागा आपल्यासाठी थांबत नाही. आपण चार वर्षांनी जातो तेव्हा शेजारचे दुसरीकडे गेलेले असतात, झाड तोडलेलं असतं, आणि आपल्याला कुणी कळवलेलं नसतं, कळवायचं कारणही नसतं. मग हे लोक असं गाव बनवतात जे थांबतं. एगुचींनी एका मुलाखतीत सांगितलंय की ते कामावरून उशिरा घरी यायचे, घरचे खेळून झोपलेले असायचे, म्हणजे सगळे खेळत होते पण एकत्र नाही, म्हणून असा गेम हवा होता की एकाने दुपारी काहीतरी करून ठेवावं आणि दुसऱ्याला ते रात्री सापडावं. २००१ मध्ये निन्टेंडो ६४ या कन्सोलवर पहिला ॲनिमल क्रॉसिंग आला त्याच्या मुळाशी हे आहे. घरी नसलेल्या माणसासाठी केलेला गेम. त्यामुळे माणूस गैरहजर असणं हा त्यात गुन्हा धरलेलाच नाहीये, ते गृहीतच धरलंय.

याच्या बरोब्बर उलट काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना आठवेल. १९९६ च्या शेवटी तामागोची आलं, किल्लीच्या जुडग्याला लटकवायचं एक प्लॅस्टिकचं अंडं, त्यात एक पाळीव प्राणी, आणि पोरं शाळेत गेली की तो काही तासांत मरायचा. शाळांनी बंदी घातली तर आया ऑफिसला जाताना ते अंडं सोबत न्यायला लागल्या. मग जून २००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आला, जोरात असताना महिन्याला आठ कोटींवर लोक ते शेत करत होते, आणि ते दिसायला सगळ्यात गोड, शांत, हिरवंगार. पण स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार, आणि तुम्ही वेळेत नाही आलात की वाळून गेली. तुम्ही मीटिंगमध्ये असा, झोपलेले असा, शेताला फरक पडत नाही. लोक रात्री अलार्म लावून उठायचे. मला त्या काळातलं आठवतंय की आमच्या ओळखीत निम्मे लोक कुणाकुणाला त्या गेमच्या नोटिफिकेशन पाठवत असायचे आणि उरलेले निम्मे चिडलेले असायचे. ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद झाला, ज्या फ्लॅश सॉफ्टवेअरवर चालायचा त्याच्यासोबतच गेला. पण त्याची पोरंबाळं फोनवर सुखाने नांदतायत, उद्या परत या म्हणून बक्षीस देणारी, सलग सात दिवस आलात म्हणून टाळ्या वाजवणारी आणि आठवा दिवस चुकला की सगळं शून्यावर आणणारी. दिसायला हेही सगळे शांत गेमच आहेत. गाय आहे, मका आहे, सूर्यास्त आहे. आणि खुद्द ॲनिमल क्रॉसिंगलाही हे सुटलं नाही, २०१७ मध्ये त्याचा फोनवरचा अवतार पॉकेट कॅम्प आला, फुकट, पण जागोजाग थांबा आणि थांबायचं नसेल तर लीफ तिकिटं, जी खऱ्या पैशांनीही मिळायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती ऑनलाइन सर्व्हिस बंद करून डिसेंबरमध्ये एकदाच पैसे द्या आणि खेळा असा प्रकार आणला, जे मला तरी मुकाट्याने दिलेली कबुली वाटते.

म्हणून चित्र बघून गेमचा स्वभाव ठरवू नका. गोळीबाराचा गेम असेल जो ऑफ केला की खरंच ऑफ होतो आणि गायीचा गेम असेल जो मानगुटीवर बसतो.

यात ऑफिसचा काय संबंध, तर तोच मुद्दा आहे. काम करून माणूस दमतो हे अर्धंच खरं. एखादं कपाट आवरून, एखादी भिंत रंगवून आपण घामाघूम होतो पण वैतागत नाही, उलट मागे सरून दोन वेळा बघतो. वैताग येतो तो अशा कामाचा जे संपल्याचं कळत नाही, ज्याचं शेवटी काय झालं ते आपल्याला कुणी सांगत नाही, आणि जे आपण सुट्टीवर गेलो की आपल्यामागे वाढत बसतं. सुट्टीवरून येऊन मेलबॉक्स उघडायचा तो क्षण आठवा. म्हणजे सुट्टी ही खरी सुट्टी नव्हतीच, ते काम उसनं ठेवलं होतं आणि आता व्याजासकट परत करायचंय. टॉम नूक व्याज घेत नाही आणि खऱ्या नोकरीत सुट्टीवर व्याज लागतं, हे माझ्या डोक्यात एकदा बसलं ते आता निघत नाही.

स्टारड्यूमध्ये एक साधी गोष्ट आहे. सकाळी उठायचं, झारी घेऊन बाहेर जायचं. माती कोरडी असते तेव्हा फिकट तपकिरी दिसते आणि एका चौकोनावर पाणी टाकलं की तो चौकोन गडद होतो. बस् एवढंच. सुरुवातीला पंधरा बिया देतात पार्सनिपच्या (गाजरासारखं एक कंदमूळ), तर पंधरा चौकोन, एक टाकला गडद, दुसरा गडद, झारी रिकामी झाली की तळ्यावर जाऊन भरून आणायची, परत. शेवटचा चौकोन गडद झाला की आजचं पाणी घालणं संपलं, आणि संपलं म्हणजे संपलं, कुणी येऊन म्हणणार नाही की छान झालंय पण तिसऱ्या चौकोनात जरा वेगळा टोन हवा होता, क्लायंटला दाखवू आणि मग बघू. चार दिवसांनी पार्सनिप येणार म्हणजे येणार. पाऊस पडला तर त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, आणि तो दिवस असा काही फुकट मिळाल्यासारखा वाटतो की मी स्क्रीनसमोर बसून हसलेय. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये मासा गळाला चार वेळा नुसतं तोंड लावून जाऊ शकतो पण पाचव्यांदा तो धरतोच, हे कळल्यावर तर माझा त्या समुद्रावर विश्वासच बसला. (निघतो मात्र दरवेळी तोच तो सी बास मासा. त्याबद्दल बोलायला नको.)

आता कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की ही शेतीची चेष्टा आहे. बरोबर आहे. स्टारड्यूमध्ये दुष्काळ नाही. तुम्ही एकाच दिवशी हजार कोबी नेऊन पेटीत टाका, भाव एका पैशाने उतरत नाही, दुकानदार कधी म्हणत नाही की यंदा आवक जास्त झाली. ज्या माणसाचं पोट खऱ्या शेतीवर आहे त्याला हे बघून हसू येईल किंवा राग येईल, आणि दोन्ही त्याला शोभेल. माझा यावर काही चोख युक्तिवाद नाहीये. एवढंच म्हणेन की हा गेम शेतीबद्दल काही शिकवत नाही, तो शेतीच्या कपड्यात कष्टाबद्दल बोलतो, की कष्ट केले की फळ मिळतं हे जे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं ते जर शब्दशः खरं असतं तर जगणं कसं दिसलं असतं. त्यात एक धोका आहे आणि तो मला पलायनाच्या आरोपापेक्षा जास्त गंभीर वाटतो, की शंभर तास अशा जगात काढले की माणसाला वाटायला लागतं ज्याचं पीक आलं नाही त्याने पाणीच घातलं नसेल. निदान मला स्वतःला दोनदा तरी असा विचार मनात येताना पकडावं लागलंय. शिवाय त्या बेटावरही सुख म्हणजे शेवटी मोठं घर, आणखी खोली, आणखी सामान, हे कुणी बदललेलं नाही. सावकार भला असला तरी तो विकतोय काय ते बघा.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते, कारण मी ठेवलेल्या कसोटीला हे लाडके गेमही पूर्ण उतरत नाहीत. स्टारड्यू बंद केला की वेळ थांबतो, आठ महिन्यांनी या, गाय तिथेच उभी असते, या बाबतीत त्याला पैकीच्या पैकी. पण तो बंद होऊ देतो का? कॉम्प्युटरवर गेम सेव्ह होतो तो फक्त पात्र झोपायला गेल्यावर, आणि गेममधला अख्खा दिवस साधारण चौदा मिनिटांचा. मग झोपलं, सेव्ह झालं, आणि नवी सकाळ समोर उभी, कोंबडा आरवतोय, कालची ब्लूबेरी आज येणार, चौदा मिनिटांचा तर प्रश्न आहे. असं करत रात्रीचे अडीच वाजलेत माझे, एकदा नाही. आणि ॲनिमल क्रॉसिंग खऱ्या घड्याळावर चालतो, दुकान रात्री दहाला बंद म्हणजे बंद, त्यामुळे एका दिवसात करण्यासारखं फार काही उरतच नाही आणि तो आपोआप तुम्हाला उठवतो, पण सलगमांचा धंदा बघा. रविवारी सकाळी बारापर्यंत एक डुक्करीण सलगम विकते, आठवडाभर भाव वरखाली होतो आणि पुढच्या रविवारी माल सडतो. झालं, २०२० मध्ये लोकांनी त्याच्यासाठी भाव वर्तवणारी कॅल्क्युलेटरं बनवली, एक्सेल शीट केल्या, ज्याच्या बेटावर भाव चढला त्याच्या दारात रांगा लागल्या आणि काहींनी आत यायची फी घेतली. निवांतपणासाठी दिलेल्या बेटावर आम्ही पंधरा दिवसांत शेअर बाजार उघडला. म्हणजे तगादा लावणारा कुणी नसेल तर माणूस तो स्वतःच स्वतःला लावतो. सवयच लागलीये. आणि ज्या स्टारड्यूत नोकरीचा जाच सोडून येणाऱ्या माणसाची गोष्ट आहे तो एरिक बॅरोनने एकट्याने सुमारे साडेचार वर्षं खपून, मधे एका थिएटरात अर्धवेळ नोकरी करून केलाय, हेही आहेच.

तरी फरक राहतो आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. पहिल्या हार्वेस्ट मूनमध्ये अडीच वर्षांची मुदत असायची, मग आईवडील परत येणार आणि पोराने शेताचं काय केलं ते बघणार. वीस वर्षांनी आलेल्या स्टारड्यूमध्येही तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येतो आणि हिशोब मागतो, पण तिथे कमी पडलात तरी खेळ संपत नाही, नंतर एक हिरा ठेवला की आजोबा पुन्हा येऊन बघतात, कितीही उशिरा. परीक्षा आहे पण तारीख तुम्ही द्यायची. तशी सलगमं कुणी घ्यायलाच पाहिजेत असं नाही, मी तीन महिने घेतली आणि सोडून दिली, बेटावर कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्या फोनवरच्या गेमने सलग दिवस मोजलेत त्यातून असं अलगद बाहेर पडून बघा.

गेम्सचा विषय निघाला की सार्वजनिक चर्चा मात्र एकाच गोष्टीवर येऊन थांबते, तास किती. चीनने २०२१ मध्ये अठराखालच्यांसाठी ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच ठेवला. घराघरात आईबापही तेच मोजतात. आणि पुरावा काय म्हणतो? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये खेळणाऱ्यांच्या सांगण्यावर न जाता कंपन्यांकडून खेळाच्या वेळेची खरी नोंद घेतली, त्यात एक गेम न्यू होरायझन्स होता, आणि जास्त खेळणाऱ्यांना थोडं जास्त बरं वाटत होतं असं दिसलं. ते ऐकून आमच्यासारख्यांनी पेढे वाटल्यासारखा आनंद केला. पण २०२२ मध्ये त्याच संस्थेने सात गेम्सचे जवळपास ३९,००० खेळाडू घेऊन सहा आठवडे बघितलं तर तासांमुळे माणसाचं बरं-वाईट होतं याचा जवळजवळ काहीच पुरावा मिळाला नाही, ना इकडे ना तिकडे. म्हणजे तासांची पट्टीच चुकीची. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आपल्या यादीत घेतला, २०२२ पासून ती यादी लागू झाली, पण त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही, ताबा सुटलाय का, बाकीचं सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाहीये का, असं विचारलंय. थोडक्यात उठता येतं का.

मग हेच गेम बनवणाऱ्याला का विचारू नये? गेमच्या खोक्यावर वय छापतात, हिंसा आहे का छापतात, २०१८ पासून तर गेमच्या आत खरेदी आहे का हेही छापायला सुरुवात झाली, आधी तेही अशक्य वाटायचंच. त्याच कोपऱ्यात अजून दोन ओळी मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे, की तुम्ही आठवडाभर आला नाहीत तर या गेममध्ये तुमचं काय जाईल, आणि मध्येच उठलात तर केलेलं जपलं जाईल का. सात वर्षांच्या मुलाच्या आईला "यात रक्त नाही" एवढ्या माहितीचा काय उपयोग, त्या मुलाला रक्ताने नाही, सलग बत्तीस दिवसांच्या आकड्याने बांधून ठेवलंय आणि ते रडतंय तेही त्या आकड्यासाठी. बंदी घाला म्हणत नाहीये मी. सलग दिवसांचं बक्षीस ठेवायचं तर ठेवा, पण दारावर पाटी लावा की इथे हजेरी घेतात. आणि ज्यांना शांत गेम म्हणून मिरवायचंय त्यांनी त्या पाटीवर "काही जाणार नाही" असं लिहून दाखवावं. माझा अंदाज, निम्मे गप्प बसतील.

हे सगळं मी दादाला ऐकवलं त्याच्यानंतर कामाचा असा काही रेटा आला की आठेक महिने कन्सोल चार्जरवरच पडून होता. मध्ये गेमने एकदाही आठवण करून दिली नाही, लाल ठिपका नाही, मेल नाही. शेवटी एका संध्याकाळी उघडला तर माझं पात्र झोपेतून उठलेलं, केस सगळे विस्कटलेले, कारण महिन्यावर गैरहजर राहिलं की तसंच करतात. घरात झुरळं झाली होती, ती पायाखाली चिरडायची. बाहेर गुडघाभर तण. शेजारीपाजारी मात्र जिथल्या तिथे, आधीच्या भागांमध्ये न सांगता गाव सोडून जायचे, आता तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी जात नाही. एकाने विचारलं कुठे होतीस इतके दिवस, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या छंदाबद्दल बोलायला लागला. दादा शेजारी येऊन बसला, म्हणाला, "दे जरा, ते गवत मी उपटतो," आणि पाऊण तास उपटत बसला, पुलापासून किनाऱ्यापर्यंत. मग म्हणाला बास, आणि बंद केलं. ७,५८,००० बाकी आहेत अजून.